पंधरा हजारांत हेडफोनची मांडणी सुधारायची आहे : आधी डॅक-ॲम्प घ्यावा की हेडफोन?

खर्जप्रेमी :

नमस्कार. मी पुण्यात राहतो. गेली सहा वर्षे रात्री दहानंतरचे माझे सगळे ऐकणे हेडफोनवरच होते, कारण घर दोन खोल्यांचे आहे आणि मुलगा यंदा दहावीला असल्यामुळे स्पीकर लावण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ऐकतो ते मुख्यतः हिंदुस्थानी कंठसंगीत, त्यातही किराणा आणि जयपूर-अत्रौली घराण्यांच्या गायकांच्या मैफली. अधूनमधून नाट्यसंगीत आणि रविवारी सकाळी सतार किंवा सरोद.

हेडफोन क्लोज्ड बॅक म्हणजे बंद पाठीचा, तारेचा आणि 38 ओहम अवरोधाचा (विजेला होणाऱ्या विरोधाचा) आहे. तो सहा वर्षांपूर्वी घेतला होता आणि तेव्हापासून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्येच लावतो. नव्या फोनला जॅक नसल्यामुळे फोनवर ऐकणे जवळपास बंद झाले आहे. काही गाणी स्वतःच्या सीडींवरून फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या फायली) करून ठेवलेली आहेत, काही स्ट्रीमिंगवर ऐकतो आणि बरीचशी जुनी ध्वनिमुद्रणे यूट्यूबवरची आहेत.

तक्रार अशी आहे की गेल्या दीड-दोन वर्षांत या हेडफोनचे ऐकणे कोरडे झाल्यासारखे वाटते. तंबोऱ्याची खर्जाची तार वाजते आहे हे समजते, पण ती अंगावर येत नाही. डग्ग्याचा घुमारा पातळ झाला आहे आणि तबल्याची चाट मात्र टोचते. गायकाच्या उच्चारातले ‘स’ आणि ‘श’ कधीकधी कानात सुई लागावी तसे लागतात. आधी मला माझ्याच कानांची शंका आली, पण तपासणीत वयाच्या मानाने सगळे ठीक निघाले.

एका दुकानात विचारले असता, लॅपटॉपचा आवाज मुळातच पातळ असतो, नऊ-दहा हजारांचा डॅक-ॲम्प (डिजिटल गाण्याचा विद्युतसंकेत करणारा डॅक आणि तो वाढवणारा ॲम्प, असे एकत्र यंत्र) घेतल्याशिवाय हा हेडफोन ‘उघडणार’ नाही, असे सांगण्यात आले. माझ्याकडे एकूण पंधरा हजार रुपये आहेत आणि ते पुन्हा इतक्यात जमणार नाहीत. डॅक-ॲम्प घेऊन उरलेल्यातून चांगली केबल घ्यावी, की डॅक राहू देऊन हेडफोनच बदलावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

ओहमकार :

आपण तक्रार नेमकी मांडली आहे, म्हणून उत्तरही नेमके देता येते. डॅक-ॲम्प घेऊ नका. निदान अजून तरी नको.

ॲम्पचे काम हेडफोनला पुरेसा विद्युतदाब आणि प्रवाह पुरवण्याचे आहे, आणि तो पुरतो की नाही हे दुकानदाराला विचारण्याची गरज नाही, साध्या गणिताने कळते. 38 ओहमचे असे हेडफोन साधारणपणे एका मिलिवॉटला 99 डेसिबलच्या आसपास आवाज देतात. त्यांना एक व्होल्ट दिला की सुमारे 26 मिलिवॉट शक्ती मिळते, म्हणजे 99 वर आणखी 14 डेसिबल चढतात आणि एकूण 113 होतात. बहुतेक लॅपटॉपचे जॅक एक व्होल्टच्या आसपास देतातच. आपण लॅपटॉपचा आवाज शंभरावर ठेवून ऐकत नसाल, तर शक्ती कमी पडण्याचा मुद्दा इथेच निकालात निघतो. आवाज पुरेसा मोठा होत असताना ‘हेडफोन उघडत नाही’ असे जे म्हटले जाते, त्याला काही मोजता येण्याजोगा अर्थ आहे असे मला वाटत नाही.

दुसरा संभव जॅकच्या स्वतःच्या अवरोधाचा. स्रोताचा अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा संकेत आहे. म्हणजे आपल्या 38 ओहमला पावणेपाच ओहमच्या आत. काही जुन्या लॅपटॉपांचे आणि विशेषतः जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरांचे जॅक यापेक्षा बरेच वर असतात आणि त्याने स्वरपटाचा तोल थोडा बदलतो. पण आपला लॅपटॉप दोन वर्षांपूर्वीही हाच होता आणि तेव्हा तक्रार नव्हती. मग बदलले काय, हा खरा प्रश्न आहे.

आता दोन गोष्टी करून पाहाव्यात, त्यांना पैसे लागत नाहीत. तंबोरा एकटा वाजत असेल असा आलापापूर्वीचा भाग लावा आणि हेडफोनच्या दोन्ही वाट्या तळहातांनी कानांवर हलकेच दाबा. खर्ज एकदम भरून आला, तर आपल्या इअरपॅडमधून हवा गळते आहे. दुसरे असे की, आपण चष्मा वापरत असाल तर तो काढून तोच भाग पुन्हा ऐका. क्लोज्ड बॅक हेडफोनमधले खालचे स्वर कानाभोवतीच्या बंदिस्त हवेवर उभे असतात. चष्म्याच्या काडीने काडीएवढी फट पाडली तरी शंभर हर्ट्झच्या खालचा भाग निसटू लागतो, वरचा मात्र जसाच्या तसा राहतो. आपण वर्णन केलेला कोरडेपणा आणि टोचणे, दोन्ही त्यातून येऊ शकते.

खर्जप्रेमी :

आपण सांगितलेले दोन्ही प्रयोग रात्रीच केले. चष्मा आहे, जाड काड्यांचा. तो काढल्यावर थोडा फरक पडला; पण तळहातांनी वाट्या दाबल्यावर जे झाले त्याने मी काही वेळ तसाच बसून राहिलो. खर्ज परत आला, आणि हात सैल सोडले की पुन्हा गेला. नंतर दिव्याखाली पाहिले तर इअरपॅडच्या आतला फोम बसून पापडासारखा झाला आहे आणि वरच्या कातडीचे काळे पापुद्रे निघत आहेत. ते पापुद्रे मला वर्षभर उशीवर दिसत होते आणि ते कुठून येतात याचा मी विचारच केला नव्हता.

तपकीर गल्ली :

पापुद्रे दिसले तेव्हाच निदान झाले होते म्हणायचे. या पॅडवर असते ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे, आणि ते दमट हवेत हळूहळू विघटित होते. आपल्याकडच्या चार-पाच पावसाळ्यांत, त्यात कानशिलांच्या घामाची भर पडून, त्याचे असे पापुद्रे निघतातच. हेडफोन कपाटात पडून असला तरी निघतात. त्यामुळे पॅड ही वहाणेच्या अंगठ्यासारखी बदलण्याची वस्तू समजावी.

आपल्या हेडफोनच्या मॉडेलचे पॅड ऑनलाइन मिळतात, पण घेताना मोह आवरावा लागतो. मखमलीचे म्हणजे वेलूरचे पॅड कानाला गार लागतात आणि चष्मेवाल्यांना सोयीचे वाटतात, परंतु कापडातून हवा गळते आणि क्लोज्ड बॅक हेडफोनचा खर्ज त्याने पुन्हा पातळ होतो, म्हणजे आपण होतो तिथेच परत. फार जाड पॅड घेतले तर कान ड्रायव्हरपासून (आवाज निर्माण करणाऱ्या भागापासून) दूर जातो आणि मधल्या-वरच्या स्वरांचा तोल बदलतो. मूळ पॅडच्या जाडीचेच, मऊ मेमरी फोमचे आणि गुळगुळीत चामड्याचे किंवा कृत्रिम चामड्याचे पॅड घ्यावेत. फोम मऊ असला की तो चष्म्याच्या काडीभोवती बसतो. सातशे ते दीड हजारात काम होईल. शक्य असल्यास घरात ऐकण्यापुरता बारीक धातूच्या काड्यांचा जुना चष्मा वापरावा, माझे वडील तेच करतात.

केबलवर मात्र एक पैसाही घालू नका. तारेला चीर नसेल आणि प्लग हलवल्यावर खरखर होत नसेल, तर केबलने आवाज सुधारण्यासारखे त्यात काही नाही. प्लग सैल झाला असेल तर बुधवार पेठेत नवा साडेतीन मिलिमीटरचा प्लग घेऊन घरीच डाग देता येतो. फक्त हेडफोनच्या आतल्या केसासारख्या रंगीत तारांवर लाखेचा लेप असतो आणि तो तापलेल्या कथिलात जाळल्याशिवाय सांधा धरत नाही. नव्याने डाग देणारे नेमके इथेच अडतात आणि मग ‘तार खराब आहे’ असा निष्कर्ष काढतात.

शुद्ध निषाद :

ओहमकार यांच्याविषयी आदर बाळगून थोडे वेगळे मत मांडतो. पॅड बदलावेत हे खरे, पण म्हणून डॅकला इतक्या घाईने निरोप देऊ नये. मी लॅपटॉपवरून स्वतंत्र डॅक-ॲम्पवर आलो तेव्हा मला तंबोऱ्याच्या दोन तारांमधली शांतता पहिल्यांदा ऐकू आली. लॅपटॉपवर त्या शांततेत एक बारीक सळसळ आणि माउस हलवला की किरकिर असे. हे मनाचे खेळ नव्हते, घरातल्या इतरांनाही ते ऐकू येत होते.

ओहमकार :

निषाद यांचा अनुभव मी नाकारत नाही, उलट डॅक घेण्याचे तेच एक सबळ कारण आहे. लॅपटॉपच्या आतल्या ध्वनी-मंडलात प्रोसेसरचा आणि वीजपुरवठ्याचा कोलाहल शिरतो, आणि संवेदनक्षम हेडफोनवर तो ऐकू येतो. खर्जप्रेमी यांनी गाणे थांबवून, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून, नुसता हेडफोन लावून बसावे. सळसळ, गुणगुण किंवा माउसबरोबर येणारी किरकिर ऐकू आली तर चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा ऐकावे. त्यावेळी ती गेली तर दोष चार्जरच्या बाजूने येतो आहे. काहीच ऐकू आले नाही तर डॅकने दूर करण्यासारखे त्यात काही नाही.

आणि सळसळ असली तरी दहा हजार लागत नाहीत. यूएसबी टाइप-सीमधून साडेतीन मिलिमीटरचा जॅक देणारा ॲपलचा छोटा डोंगल हजार-बाराशेत मिळतो आणि तो खरोखरचा डॅक आहे. त्याचा स्वतःचा अवरोध एक ओहमच्या आसपास आहे आणि तो जवळपास एक व्होल्ट देतो. परदेशातून कोणी आणणार असेल तर ए2049 हा क्रमांक पाहून आणावा, कारण ए2155 ही युरोपातली आवृत्ती निम्माच दाब देते. लॅपटॉपवर तो सरळ चालतो. अँड्रॉइड फोनवर मात्र अनेकदा त्याची आतली पातळी खालीच अडकून राहते आणि आवाज फारच बारीक येतो. त्यावर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखे डोंगलशी थेट बोलणारे ॲप वापरावे लागते, किंवा मग फोनसाठी दुसऱ्या कंपनीचा डोंगल घ्यावा.

निषाद, तुम्ही दोन यंत्रांची तुलना केली तेव्हा दोन्हींचा आवाज एकसारखा केला होता का, एवढेच विचारतो. अर्ध्या डेसिबलने मोठे असलेले यंत्र आपल्याला ‘मोठे’ वाटत नाही, ‘अधिक स्वच्छ’ वाटते. हा सापळा आहे आणि त्यात मी स्वतः अडकून सहा हजार रुपये घालवले आहेत. घरातल्या साध्या मल्टिमीटरने ही बरोबरी साधता येते. पन्नास हर्ट्झचा सलग सूर वाजवायचा, हेडफोन जोडलेलाच ठेवून प्लगच्या टोकावरचा एसी व्होल्ट मोजायचा आणि दोन्ही यंत्रांचे आकडे एक टक्क्याच्या आत आणायचे. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा भाग. पन्नास हर्ट्झ अशासाठी की स्वस्त मल्टिमीटर घरगुती विजेसाठीच बनलेले असतात आणि हजार हर्ट्झवर ते काहीही आकडा दाखवू शकतात. एवढे केल्यावर दुसऱ्या कोणाला तरी यंत्रे अदलाबदल करायला सांगून, न बघता दहा-बारा वेळा ओळखून पाहा.

शुद्ध निषाद :

बरोबरी केली नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. सळसळीचा मुद्दा मात्र उरतो आणि तो तुम्हीही मान्य केलात, तेव्हा आपले फारसे भांडण नाही. एक भर घालतो. धागाकर्त्यांनी ब्लूटूथकडे वळण्याचा विचार केला नाही हे बरे केले. एलडॅकसारखे कोडेक (ब्लूटूथवरून ध्वनी आकुंचित करून पाठवण्याच्या पद्धती) सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातात आणि त्यांच्या दर्जाविषयी माझी तक्रार नाही, पण पंधरा हजारांच्या ब्लूटूथ हेडफोनमधले बरेच पैसे बॅटरी, मायक्रोफोन आणि गोंगाट रोखणाऱ्या यंत्रणेवर खर्च झालेले असतात आणि पाच वर्षांनी बॅटरी गेली की सगळेच जाते. तारेचा हेडफोन पॅड बदलत वीस वर्षे चालतो. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 सालचा हेडफोन आजही विकला जातो आणि त्याचे सुटे भागही मिळतात.

मंद्र सप्तक :

मी बरीच वर्षे तंबोऱ्यावर साथ केली आहे, त्यामुळे खर्जाविषयी दोन शब्द लिहिते. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झ असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झवर लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्री गायिकेची तीच तार 104 हर्ट्झच्या आसपास असते. खर्जप्रेमी यांना पुरुष गायकांच्या मैफलीत कोरडेपणा अधिक आणि गायिकांच्या मैफलीत कमी जाणवत असेल, तर त्याचे कारण गळणाऱ्या पॅडमध्येच आहे.

दुसरे असे की तंबोऱ्याच्या नादात मूळ स्वर तसा दुबळाच असतो. घोडीवर जवारी लावली, म्हणजे तार घोडीला हलकेच चाटत झणकारेल अशी जुळवली, की बळ येते ते वरच्या स्वयंभू स्वरांना (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उंच स्वरांना). सी. व्ही. रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. वरचे स्वर बरोबर असले की आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो, म्हणून हेडफोनने 69 हर्ट्झ दिलेच नाहीत तरी खर्ज ‘कळतो’. तो अंगावर येत नाही, ही आपली तक्रार मला म्हणूनच अगदी अचूक वाटली. जवारीचा झणकार मात्र काही हजार हर्ट्झपर्यंत जातो, आणि तो कर्कश न होता ऐकू येणे ही माझ्या मते हेडफोनची सर्वांत कठीण परीक्षा आहे. दुकानात हेडफोन ऐकायला जाल तेव्हा त्यांचे धडाकेबाज नमुना-गाणे ऐकू नका. सोबत फोनमध्ये आपला ओळखीचा तंबोरा घेऊन जा.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबतही अपेक्षा बेताची ठेवावी. आपल्याकडे ध्वनिमुद्रण 1902 साली सुरू झाले, विजेच्या मायक्रोफोनने ते 1925 नंतर होऊ लागले. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर वरचे स्वर फारसे नाहीतच. तिथे आहे ती सुईची खरखर, आणि हेडफोन जितका तेजस्वी तितकी ती अधिक छळते. अशा वेळी सहा-सात हजार हर्ट्झच्या वरचे कापून टाकले की गाणे जवळ येते. दोन वाद्यांच्या जुगलबंदीच्या काही सुरुवातीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत एक वाद्य पूर्ण डाव्या आणि दुसरे पूर्ण उजव्या कानात असते; स्पीकरवर ते शोभते, हेडफोनवर डोके दुखते. डाव्याचा थोडा अंश उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे मिसळणारी क्रॉसफीड ही सोय फूबार 2000 सारख्या प्रोग्राममध्ये फुकट जोडता येते. मी ती जुगलबंदीपुरतीच लावते.

ओहमकार :

मंद्र सप्तक यांच्या प्रतिसादाने कापण्या-वाढवण्याचा विषय निघालाच आहे, तर इक्वलायझरविषयी (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सोयीविषयी) सांगतो. फुकटात होणाऱ्या सुधारणांत तो सर्वांत मोठा आहे आणि लोक त्याला उगाच कमी लेखतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट वापरता येते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास श्रोत्यांना वेगवेगळे स्वरतोल ऐकवून, बहुसंख्यांना कोणता तोल आवडतो हे शोधले. त्या आवडत्या तोलाच्या जवळ नेणाऱ्या तयार दुरुस्त्या ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पात हजारो हेडफोनांसाठी दिलेल्या आहेत. त्या नव्या पॅडवर मोजलेल्या असतात हे लक्षात ठेवून आधी पॅड बदला आणि मगच त्या लावा. गळक्या पॅडची भरपाई इक्वलायझरने करू गेलात तर डोके थोडे हलले की हिशेब चुकतो.

तयार दुरुस्ती जशीच्या तशी गिळू नका. आपले कान आणि मोजमापाच्या बाहुल्याचे कान सारखे नसतात, विशेषतः पाच हजार हर्ट्झच्या वर. मी तिथल्या बारीक दुरुस्त्या सोडून देतो आणि फक्त खालच्या बाजूला शंभर हर्ट्झच्या आसपासपासून दोन-तीन डेसिबलचा उठाव आणि ‘स’ टोचत असेल तिथे दोन-तीन डेसिबलची घट एवढेच ठेवतो. जितका उठाव द्याल तितकाच प्रीॲम्पचा (इक्वलायझरमधल्या एकूण पातळीचा) आकडा खाली घ्यायला विसरू नका, नाहीतर डग्ग्याच्या जोरकस थापेवर आवाज फाटेल आणि दोष हेडफोनच्या माथी जाईल.

ओपनपाठ :

सगळे पॅड आणि इक्वलायझरमध्ये रमले आहेत, पण धागाकर्त्यांकडे पंधरा हजार आहेत आणि मूळ प्रश्न हेडफोन बदलण्याचाही होता. मैफल ऐकणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ओपन बॅक हेडफोन घ्यावा असे मला वाटते. वाटीची पाठ उघडी असल्यामुळे आवाज कोंडत नाही आणि गायक डोक्याच्या आत न बसता थोडा बाहेर येऊन बसतो. पॅड थोडे सैल बसले तरी ओपन बॅकचा तोल क्लोज्ड बॅकइतका बिघडत नाही, म्हणून चष्मेवाल्यांनाही तो सोपा जातो.

सेनहायझरचा एचडी 560 एस सवलतीच्या दिवसांत पंधरा हजारांच्या आत मिळताना मी पाहिला आहे. तो 120 ओहमचा आहे, पण एका व्होल्टला 110 डेसिबल देतो, म्हणजे वर सांगितलेल्या हजार-बाराशेच्या डोंगलवर निर्धास्त चालतो. याउलट एचडी 600 हा 300 ओहमचा असून एका व्होल्टला 97 डेसिबलच देतो. त्यातून 110 डेसिबलचे उंच क्षण हवे असतील तर साडेचार व्होल्टच्या आसपास लागतात, आणि तिथे ॲम्पचा खर्च खराच सुरू होतो. स्वस्तात मिळणारा हायफायमनचा एचई 400 एसई मला आवडतो, पण तो डोक्यावर जड आहे आणि त्यालाही शक्ती बरी लागते. बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो, त्यातही 250 ओहमचा, मी खर्जप्रेमींना सुचवणार नाही. त्याचा आठ-नऊ हजार हर्ट्झजवळचा उंचवटा तबल्याची चाट आणि ‘स’ दोन्ही टोचवेल.

तपकीर गल्ली :

ओपनपाठ, आपण धागा नीट वाचला नाहीत. दोन खोल्यांचे घर आहे आणि शेजारच्या खोलीत दहावीचा मुलगा अभ्यास करतो. ओपन बॅक म्हणजे एका खोलीपुरता छोटा स्पीकरच. रात्रीच्या शांततेत तीन हातांवरच्या माणसाला बंदिशीचे शब्दसुद्धा कळतात. शिवाय पुण्यात मार्च ते जून पंखा लावल्याशिवाय बसता येत नाही आणि ओपन बॅक पंख्याचा आवाज जराही अडवत नाही. त्या आवाजाच्या वर तंबोरा ऐकायला माणूस नकळत आवाज वाढवतो आणि ते कानांना बाधते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा सांगितली आहे; आवाज 3 डेसिबलने वाढला की तास निम्मे होतात, म्हणजे 86 डेसिबलवर दहाच तास उरतात. रोज रात्री दोन तास ऐकणाऱ्याला हा हिशेब लागू पडतो.

त्यापेक्षा दोन-तीन हजारांत तारेचे चांगले इनइअर (कानाच्या आत बसणारे) घ्यावेत. मूनड्रॉप चू किंवा सेव्हन हर्ट्झ सालनोट्स झीरो यांसारख्यांनी गेल्या काही वर्षांत या किमतीची पातळीच बदलून टाकली आहे. चष्म्याचा प्रश्न नाही, पंख्याचा नाही आणि मुलाच्या अभ्यासाचाही नाही. सोबत येणाऱ्या रबरी टोप्यांमधली बरोबर मापाची निवडली पाहिजे, ती सैल राहिली तर खर्ज तिथूनही गळतो.

ओपनपाठ :

मुलाचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला, हे खरे. इनइअरविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्यांचा तोल उत्तम असतो, पण कानात बोळे घालून दोन तासांचा ख्याल ऐकणे मला जमत नाही. स्वतःच्या गिळण्याचा आणि जबड्याचा आवाज समेवर येतो.

खर्जप्रेमी :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण पॅड येऊन ते कानांना सरावेपर्यंत काही लिहू नये असे ठरवले होते.

आधी सळसळीची परीक्षा केली. चार्जर लावलेला असताना एक बारीक गुणगुण आहे, बॅटरीवर ती नाहीशी होते. म्हणजे निषाद यांचे म्हणणे माझ्या घरी अर्धे खरे निघाले. डोंगल घेतला, तो लॅपटॉपला लावल्यावर चार्जर असतानाही गुणगुण येत नाही. मल्टिमीटर शेजाऱ्यांचा आणून जॅक आणि डोंगल यांचे व्होल्ट एका टक्क्याच्या आत जुळवले, लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि मुलाला बारा वेळा अदलाबदल करायला सांगितले. मी सात वेळा बरोबर ओळखले, जे नाणे उडवूनही जमले असते. मुलाला हा प्रकार भौतिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आवडला आणि त्यानेही करून पाहिले. त्याचे सहा बरोबर आले.

पॅड मूळ जाडीचे, गुळगुळीत आवरणाचे घेतले. खर्ज परतला. पुरुष गायकांच्या बाबतीत फरक फार मोठा आहे आणि गायिकांच्या बाबतीत तुलनेने कमी, हे मंद्र सप्तक यांनी सांगितले होते तसेच. इक्वलायझरवर खालचा उठाव दोनच डेसिबल ठेवला आहे, कारण तीनवर डग्गा गायकाच्या पुढे येऊन बसत होता. ‘स’चे टोचणे पॅडनेच बरेचसे गेले, उरलेल्यासाठी सहा हजारांवर दोन डेसिबल कमी केले. यूट्यूबवरच्या काही मैफली मात्र तशाच कर्कश राहिल्या आणि आता तो दोष ध्वनिमुद्रणाचा आहे हे कळते.

पॅड आणि डोंगल मिळून बावीसशे रुपये झाले. इनइअर सध्या घेतलेले नाहीत. एका मित्राकडे ओपन बॅक आहे, तो रविवारी त्याच्या घरी तासभर ऐकला आणि ओपनपाठ काय म्हणत होते ते समजले. गायक खरोखरच समोर येऊन बसतो. मित्राच्या पत्नीने स्वयंपाकघरातून तोच राग ओळखून दाखवला, म्हणजे तपकीर गल्ली यांचेही खरे. मुलाची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोपर्यंत बारा हजार आठशे बँकेतच राहतील. मधल्या काळात जुना बारीक काड्यांचा चष्मा सापडला आहे, त्याचा नंबर अर्ध्याने कमी आहे, पण अंधारात गाणे ऐकायला तेवढा पुरतो.